सापळ्यातली फळमाशी नेमकी कोणती? संत्रा बगीच्यात दर हंगामात होणारी ओळखीची चूक आणि तिचे निवारण

आंबिया बहाराची संत्री रंगावर येऊ लागली, म्हणजे साधारण सप्टेंबर उलटत आला, की नागपुरात माझ्या घरी डब्या यायला सुरुवात होते. काटोल, कळमेश्वर, सावनेर, नरखेड या भागांतले बगीचेवाले कळमन्याच्या बाजारात जाता-येता घरी डोकावतात आणि गोळ्यांची रिकामी बाटली, तंबाखूची डबी किंवा नुसती कागदाची पुडी माझ्या टेबलावर ठेवतात. आत सापळ्यातून काढलेल्या माश्या असतात. सोबतचा प्रश्नही बहुतेक वेळा तोच असतो : "सर, मागल्या वर्षी ही डॉर्सालिस म्हणून सांगितली होती, यंदा एकानं झोनाटा म्हटलं, आणि दुकानदार म्हणतो ही काकडीवरची आहे. खरी कोणती आहे जी?"

अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवल्यानंतर आणि त्याहून अधिक माश्या भिंगाखाली पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की एकाच माशीला तीन माणसांनी फळमाशीच्या तीन वेगवेगळ्या जातींची नावे देण्यामागे नजरेचा दोष क्वचितच असतो. चूक होते ती पाहण्याच्या क्रमात. आपण सगळे आधी रंग पाहतो, आणि या माश्यांमध्ये सर्वांत लवकर फसवणारी गोष्ट रंगच आहे. पंख, मग पाठीवरचे पिवळे पट्टे, मग चेहरा आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम ठेवला तर आपल्या भागात नेहमी सापडणाऱ्या चार-पाच जाती साध्या भिंगाने वेगळ्या करता येतात. हा क्रम मी स्वतः चूक करूनच शिकलो, म्हणून ती चूक आधी सांगतो.

कळमेश्वरजवळच्या एका बगीच्यात आम्ही मिथाईल युजेनॉल या, फळमाशीच्या नरांना ओढून घेणाऱ्या द्रव्याचे सापळे लावले होते. पावसाळ्याच्या शेवटी सलग आठ-दहा दिवस झड लागली आणि तीन आठवडे सापळे उघडता आले नाहीत. उघडले तेव्हा तळाशी पाणी साचलेले, माश्या एकमेकींना चिकटलेल्या आणि सगळ्यांची पाठ गडद तपकिरी झालेली होती. ती गडद पाठ पाहून मी वहीत सरळ 'सर्व डॉर्सालिस' असे लिहून टाकले. पुढे काही महिन्यांनी एका विद्यार्थ्याला दाखवण्यासाठी तीच बाटली काढली आणि माश्यांचे पंख पाण्यात मोकळे करून पांढऱ्या बशीत पसरले, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच माश्यांच्या पंखांच्या पुढच्या कडेला पट्टीच नव्हती, टोकाला केवळ एक तपकिरी ठिपका होता. त्या झोनाटा होत्या. कुजताना आणि भिजताना त्यांचा तांबूस रंग काळवंडला होता, पंखावरची खूण मात्र जशीच्या तशी राहिली होती. त्या हंगामाची माझी पूर्ण नोंद त्यामुळे निकामी झाली.

आधी ही फळमाशी आहे का?

डबीतल्या सगळ्या माश्या फळमाश्याच असतील असे धरून चालू नये. मराठीत 'फळमाशी' हा शब्द दोन अगदी वेगळ्या कुळांसाठी वापरला जातो आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आनुवंशिकता शिकवताना जिला फळमाशी म्हणतात ती ड्रोसोफिला. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी, दोन-तीन मिलिमीटरची, लालसर डोळ्यांची ही माशी घरात आपण चिलट म्हणून ओळखतो. ती सहसा आधीच फुटलेल्या किंवा सडू लागलेल्या फळावर येते. बगीच्याचे नुकसान करणारी फळमाशी टेफ्रिटिडी कुळातली. ती सहा ते आठ मिलिमीटर लांब, म्हणजे जवळपास घरमाशीएवढी असते, तिचा बांधा गांधीलमाशीची आठवण करून देणारा असतो, पाठीवर ठळक पिवळ्या खुणा असतात आणि मादीच्या पोटाच्या टोकाला फळाच्या सालीत खुपसण्यासाठी टोकदार अंडनलिका असते.

बगीच्यात गळून पडलेल्या संत्र्यांवर आणखी एक चिलट हमखास दिसते. तिच्या डोक्यापासून पाठीवर मागे जाणाऱ्या चांदीसारख्या पांढऱ्या रेघा असतात आणि त्या रेघांना काळी किनार असते. ती झाप्रिओनस इंडियानस, जिचे शास्त्रीय वर्णन १९७० मध्ये भारतातील नमुन्यांवरून झाले. तिच्या रेघा पाहून 'पट्टेवाली फळमाशी आली' म्हणून घाबरलेले बगीचेवाले मला भेटले आहेत. आकार पाहिला तरी शंका मिटते, कारण ती तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढीही नसते.

सापळ्यातल्या मेलेल्या कीटकांच्या वासाने इतर माश्याही येतात. पाठीवर चार काळ्या उभ्या रेघा असतील तर ती साधी घरमाशी, तीन ठळक रेघा आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे करडे चौकोन असतील तर मांसमाशी, आणि अंग हिरवे-निळे धातूसारखे चकाकत असेल तर ती मेलेल्या प्राण्यांवर येणारी माशी. या तिन्ही बाजूला काढून टाकाव्यात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. फुलांवर हवेत एकाच जागी तरंगत राहणारी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची चपटी माशी पाहून अनेक जण तिला फळमाशी समजतात आणि फवारणीला लागतात. ती सिरफिड माशी असते. तिच्या अनेक जातींच्या अळ्या झाडावरचा मावा खाऊन जगतात आणि प्रौढ माशी फुलांवर परागकण व मध खाते. संत्र्याच्या नव्या नवतीवर मावा असताना ही माशी दिसली, तर तिच्यावर औषध मारणे म्हणजे आपल्याच राखणदाराला हाकलून लावणे आहे. फळमाशी अशी तरंगत राहत नाही, ती पानावर किंवा फळावर बसते, चालते आणि चालताना पंख किंचित पसरून हलवते.

पंखापासून सुरुवात

माशी निघाली खरी फळमाशी, तर तिचा एक पंख पांढऱ्या कागदावर सपाट करावा. इतवारीच्या सराफ्यात सोनार वापरतात तसे दहा पट मोठे दाखवणारे भिंग यासाठी पुरेसे असते, सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. भिंग डोळ्याला टेकवून माशी त्याच्याजवळ आणावी, माशी खाली ठेवून भिंग वरून फिरवत बसू नये, कारण त्यात प्रकाश अडतो आणि हात हलतो.

पंखाची पुढची कडा, म्हणजे माशी बसलेली असताना बाहेरच्या बाजूला येणारी कडा, पाहावी. तिच्या बाजूने मुळापासून टोकापर्यंत अखंड, अरुंद, गडद पट्टी गेलेली असेल आणि टोकाला तिचा मोठा डाग झालेला नसेल, तर ती बहुधा बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आहे. पट्टी तुटलेली असून पंखाच्या टोकाला फक्त एक स्वतंत्र लहान ठिपका असेल, तर बॅक्ट्रोसेरा झोनाटा किंवा बॅक्ट्रोसेरा करेक्टा या दोघींपैकी एक असते. पट्टी अखंड असून टोकाकडे पसरून मोठा डाग झालेला असेल, तर आपण वेलवर्गीय भाज्यांवरच्या माश्यांकडे, म्हणजे झ्युगोडॅकस गटाकडे आलो आहोत. त्यातही पंखाच्या मधोमध आडव्या शिरेवर आणखी एक गडद आडवा पट्टा असेल तर ती झ्युगोडॅकस क्युकर्बिटी, आणि टोकाचा डाग असूनही तो आडवा पट्टा नसेल तर झ्युगोडॅकस टाऊ असण्याची शक्यता अधिक.

पंखाला पहिले स्थान देण्याचे कारण साधे आहे. पंखावरचा रंग हा पंखाच्या पातळ पडद्यातच असतो, त्यामुळे माशी भिजली, वाळली, सापळ्यात महिनाभर पडून राहिली तरी खूण टिकते. पाठीचा आणि पोटाचा रंग मात्र आतल्या स्नायू-मांसाच्या अवस्थेवरही अवलंबून असतो. पिवळे पट्टे कुजताना तपकिरी होतात, अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर हळूहळू फिके पडतात, आणि मुंग्यांनी आतले खाऊन टाकले की पोट पोकळ होऊन पारदर्शक दिसू लागते.

पाठ आणि चेहरा

पंखाने दिलेला निकाल पाठीवर तपासावा. वरून पाहिले असता पाठीच्या दोन्ही बाजूंना, पंखांच्या मुळाजवळून मागे जाणारे दोन पिवळे पट्टे डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा या तिघींनाही असतात. प्रश्न आहे तो मधल्या तिसऱ्या पट्ट्याचा. पाठीच्या अगदी मध्यरेषेवर उभा पिवळा पट्टा असेल, तर ती क्युकर्बिटी किंवा टाऊ. नसेल, तर पहिल्या तिघींपैकी. हा मधला पट्टा दिसण्याइतकी माशी स्वच्छ हवी, म्हणून आधी तिला पाण्यात हलके बुडवून ओल्या मऊ ब्रशने पुसून घ्यावे. सापळ्यातल्या धुळीचा थर पाठीच्या मध्यावर नेमका साचतो आणि पट्टा झाकून टाकतो.

पाठीच्या मागच्या टोकाला, जिथे वक्ष संपून पोट सुरू होते तिथे, एक लहान पिवळा त्रिकोणी उंचवटा असतो, ज्याला स्कुटेलम म्हणतात. तो नजरेत पटकन भरतो, म्हणून अनेक जण त्याच्यावरून निर्णय घेतात. पण वरच्या पाचही जातींत तो पिवळाच असतो, त्यामुळे त्याच्यावरून काहीही ठरत नाही.

आता उरतो झोनाटा आणि करेक्टा यांच्यातला घोळ. दोघींच्या पंखाची खूण जवळजवळ सारखी असल्याने इथे चेहरा पाहावा लागतो. माशीला समोरून, शृंगिकांच्या (मिशांच्या) खाली, तोंडाच्या वर पाहिले की झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन वेगवेगळे गोलसर काळे ठिपके दिसतात. करेक्टाच्या चेहऱ्यावर ते ठिपके आडवे लांबट होऊन मध्यावर जवळजवळ एकमेकांना भिडतात, आणि त्यामुळे तोंडावर एक आडवी काळी रेघ ओढल्यासारखी वाटते. चेहरा पाहण्यासाठी मी माशीला टाचणीने बाजूने टोचून जुन्या खोडरबरावर उभी करतो. हाताने धरून पाहण्याचा प्रयत्न केला की नेमका चेहराच बोटामागे जातो.

यानंतर, आणि यानंतरच, रंग. झोनाटाची पाठ तांबूस तपकिरी, करेक्टाची बहुधा काळी, डॉर्सालिसचीही बहुधा काळी. पण 'बहुधा' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. डॉर्सालिसची पाठ काळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेची असू शकते, आणि भारतातल्या माश्यांमध्ये ही तफावत स्वाभाविकपणे आढळते. म्हणून तपकिरी पाठीची डॉर्सालिस दिसली की लोक तिला झोनाटा म्हणतात, आणि काळी करेक्टा दिसली की डॉर्सालिस. दोन्ही वेळा पंखाकडे पाहिले असते तर चूक झाली नसती. पोटावरचा काळा 'टी' आकाराचा डाग डॉर्सालिस आणि करेक्टात सहसा स्पष्ट, तर झोनाटात मोडका-तुटका असतो. तो आधाराला घ्यावा, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर नाव लिहू नये.

बोराच्या झाडाखाली सापडलेली माशी कुणी आणली तर हा सगळा क्रम तिला लागू होत नाही. बोरमाशी, म्हणजे कार्पोमाया व्हेसुव्हियाना, हीसुद्धा टेफ्रिटिडी कुळातलीच, पण तिच्या पंखांवर तपकिरी-पिवळे आडवे पट्टे असतात आणि पाठीवर काळे ठिपके विखुरलेले असतात. मिथाईल युजेनॉलला ती येत नाही, त्यामुळे बोराच्या बगीच्यात तो सापळा रिकामा राहिला म्हणून बोरमाशी नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

माशी कोवळी असेल तर

एक अडचण अशी आहे की ती अनुभवी माणसालाही फसवते. कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी फिकी, दुधट-पिवळी असते. तिचे डाग, पट्टे आणि पंखावरची पट्टी पूर्ण रंगायला काही दिवस लागतात. फळातून अळ्या वाढवून माशी मिळवली आणि ती बाहेर पडताच मारून टाकली, तर मिळते ती एक फिकी, निनावी माशी, जिच्यावरून दोन तज्ज्ञ दोन नावे सांगतील. अशा माश्यांना बरणीत साखरेचे दाणे आणि ओला कापूस ठेवून चार-पाच दिवस जिवंत ठेवावे, मगच फ्रीजरच्या कप्प्यात तासभर ठेवून माराव्यात. फ्रीजरमध्ये मारलेल्या माशीचे पंख अखंड राहतात. चिमटीत दाबून मारलेल्या माशीचे बहुधा राहत नाहीत.

सापळ्याची साक्ष कुठपर्यंत धरावी

१९१२ साली बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या एफ. एम. हाउलेट यांनी सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर झेपावतात, हे नोंदवले आणि पुढे १९१५ मध्ये मिथाईल युजेनॉलचे आकर्षण दाखवून दिले. आजही तेच द्रव्य आपल्या सापळ्यांत आहे. तुळशीतही ते असते. अंगणातल्या तुळशीची पाने चुरगाळून ठेवली, की सकाळी काही वेळातच एखाद-दुसरा नर पानावर येऊन सोंडेने पानाचा रस टिपताना मी अनेकदा पाहिला आहे. त्या वेळी तो इतका तल्लीन असतो, की भिंग अगदी जवळ नेले तरी उडत नाही, आणि पंखावरची पट्टी पाहायला याहून चांगली संधी मिळत नाही.

पण हे आकर्षण फक्त नरांसाठी आहे. मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात डॉर्सालिस, झोनाटा आणि करेक्टा यांचे नर येतात, क्यूल्युअर या दुसऱ्या आकर्षक द्रव्याच्या सापळ्यात क्युकर्बिटी आणि टाऊ यांचे. त्यामुळे मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात क्युकर्बिटी शोधणे जितके व्यर्थ, तितकेच त्या माश्यांच्या पोटाला अंडनलिका शोधणेही व्यर्थ आहे. दुकानदाराने 'फळमाशीचे ल्युअर', म्हणजे आमिष, म्हणून दिलेली वडी कोणत्या द्रव्याची आहे ते पाकिटावर वाचून घ्यावे. संत्र्याच्या बगीच्यात चुकून क्यूल्युअर लावले आणि शेजारच्या वावरात दोडके, कारली किंवा काकडी असली, तर सापळा माश्यांनी भरून जातो, संत्रा उत्पादकाला वाटते की आपल्याच फळाचे शत्रू पकडले जात आहेत, आणि इकडे डॉर्सालिस निवांतपणे फळात अंडी घालत राहते. 'दुकानदार म्हणतो काकडीवरची आहे' या तक्रारीचे मूळ अनेकदा हेच असते, आणि तसे असेल तर दुकानदाराने माशी बरोबर ओळखलेली असते, चुकलेला असतो तो सापळा.

वेलीवरच्या भाज्यांत आणखी एक अपवाद आहे. डॅकस सिलिएटस ही लहान भोपळामाशी या दोन्ही ल्युअरना दाद देत नाही, आणि तिच्या पाठीच्या बाजूंना ते ओळखीचे दोन लांब पिवळे पट्टेही नसतात. ती हवी असेल तर फळातूनच काढावी लागते.

म्हणून माझा आग्रह असतो, की सापळा फक्त परिसरात कोणती माशी फिरते ते सांगतो. आपले फळ कोणती माशी खराब करते, हे फळच सांगू शकते. अळी लागलेली आठ-दहा फळे घ्यावीत, प्लॅस्टिकच्या बरणीत तळाशी दोन-तीन बोटे ओलसर वाळू घालावी, फळे तिच्यावर ठेवावीत आणि तोंडाला पातळ मलमल बांधून बरणी सावलीत ठेवावी. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर येऊन वाळूत कोष करतात, आणि आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत माश्या निघतात. बरणीतून कधी कधी बारीक कंबरेचे, चार पंखांचे, लांब मिशांचे लहान कीटक निघतात, आणि लोक घाबरून ती 'तिसरी माशी' म्हणून आणतात. कोणत्याही खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक संतोलक असतात. चार पंख दिसले की ती माशी नाही, ती फळमाशीच्या अंड्यांत किंवा अळ्यांत वाढणारी परजीवी गांधीण आहे आणि ती आपल्या बाजूची आहे.

फळ गळते, पण अळी नाही

एकदा काटोलच्या बाजूच्या एका काकांनी बोलावले. त्यांच्या झाडांखाली पिवळी झालेली फळे पसरली होती आणि त्यांनी फळमाशीसाठी दोनदा फवारणी करून झाली होती. मी पाच-सहा फळे उचलली आणि वर्तमानपत्रावर चिरली. एकातही अळी नव्हती. सालीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक होते, बाजूने दाबले की त्यातून रस येत होता, आणि आतली फोड सुकून स्पंजासारखी झाली होती. सातव्या फळात मात्र लहान पांढऱ्या अळ्या सापडल्या, आणि काका म्हणाले, "पाहा सर, निघालीच की नाही." पण त्या अळ्या फुटलेल्या, आंबलेल्या फळात होत्या, वर्तमानपत्रावर ठेवल्यावर केवळ वळवळत राहिल्या, आणि नंतर त्यांच्यापासून चिलटे निघाली.

इथे एक उपयोगी खूण आहे. फळमाशीची पूर्ण वाढलेली अळी कागदावर ठेवली, तर ती अंगाचे धनुष्य करून तोंड आणि शेपटी जवळ आणते आणि एकदम सुटून वीतभर दूर उडी मारते. वर्तमानपत्रावर त्या उडीचा टपकन आवाजही येतो. चिलटाची अळी अशी उडी मारत नाही. काकांच्या बगीच्यात खरा गुन्हेगार रस शोषणारा पतंग होता, आणि त्याच रात्री आठच्या सुमारास बॅटरी घेऊन गेलो तेव्हा तो फळावर सोंड रोवून बसलेला सापडला. युडोसिमा वंशाचे हे मोठे पतंग आहेत. त्यांचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, पण मागचे पंख गर्द नारिंगी असून त्यावर काळा डाग असतो. डाग गोल असेल तर मटेर्ना जात, वाकडा चंद्रकोरीसारखा असेल तर फुलोनिया. त्यांच्या अळ्या संत्र्यावर नव्हे, तर बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून फळमाशीचे सापळे कितीही लावले तरी ही गळ थांबत नाही. गळ झालेली फळे चिरल्याशिवाय फवारणीचा निर्णय घेऊ नये, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

दोन नावे, एकच माशी

कधी कधी ओळख बरोबर असूनही नावे जुळत नाहीत, कारण नावेच बदलली आहेत. काकडीवरची माशी आधी डॅकस क्युकर्बिटी, मग बॅक्ट्रोसेरा क्युकर्बिटी आणि २०१५ नंतर झ्युगोडॅकस क्युकर्बिटी झाली. आफ्रिकेतल्या माश्यांवरून २००५ मध्ये वर्णिलेली बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स आणि आग्नेय आशियातील बॅक्ट्रोसेरा पपाये या दोन्ही २०१५ मध्ये डॉर्सालिसमध्ये विलीन झाल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकातले नाव आणि नव्या अहवालातले नाव वेगळे दिसले, तर माशी बदलली असे समजू नये. आधी पंख पुन्हा पाहावा.

तरीही शंका राहिली तर

फोनवर पाठवलेल्या फोटोवरून ओळख मागितली जाते, तेव्हा फोटो बहुतेक वेळा पाठीचा, दुरून आणि सावलीतला असतो. फोनच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून तीन फोटो काढावेत : पांढऱ्या कागदावर सपाट केलेल्या पंखाचा एक, पाठीचा सरळ वरून एक, आणि चेहऱ्याचा समोरून एक. खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात काढावेत. फ्लॅशने पिवळे पट्टे पांढरे पडतात. माशी स्वतःच द्यायची असेल तर अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात नेता येते. माशी सत्तर टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत ठेवावी, पण रंग उतरण्याआधी तिचे फोटो काढून ठेवावेत, आणि शक्य असेल तर दोन-तीन माश्या कोरड्याच, टिश्यू कागदात गुंडाळून वेगळ्या द्याव्यात.

आणि बाटलीत चिठ्ठी घालावी, शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तारीख, पीक, ल्युअरचे नाव आणि सापळा शेवटचा कधी रिकामा केला होता, एवढे असावे. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांत ही शेवटची नोंद क्वचितच असते, आणि कळमेश्वरच्या त्या बाटलीवर मीही ती लिहिली नव्हती.